काउंटरवरची ओपीडी

काही आजार घेऊन डॉक्टरकडे जायला माणसाला संकोच वाटतो. गुप्तरोगांबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय नखुरड्याबद्दल. तोंड येणं, पायांच्या बोटांत चिखल्या होणं, मानेवर केसतूड उठणं, लग्नातलं जेवण अंगाशी येऊन रात्रभर करपट ढेकरा येणं, नाक वाहणं, घसा बसणं. अशा आजारांनी कुणी मरत नाही, पण कुणी सुखानं जगतही नाही. डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसावं तर उजवीकडच्या बाईंना डेंग्यू झालेला असतो आणि डावीकडच्या आजोबांच्या मांडीवर छातीचा भलामोठा एक्सरे असतो. त्या दोघांच्या मध्ये आपण आपलं सुजलेलं बोट सांभाळत बसायचं. आजोबा सहानुभूतीनं विचारतात, "तुम्हाला काय झालंय?" तेव्हा 'नखुरडं' हा शब्द तोंडातून निघता निघत नाही. आपला आजार इतका किरकोळ निघावा, यानंच शरमल्यासारखं होतं.

मग पावलं आपोआप कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे वळतात.

तिथे नंबर लावावा लागत नाही, केसपेपर काढावा लागत नाही, फी नाही, चपला काढायच्या नाहीत. कित्येक जण तर स्कूटर बंदही करत नाहीत. एक पाय रस्त्याला टेकवून आपला आजार लांबूनच दुकानात फेकतात. "दादा, अंग मोडून आलंय, काहीतरी द्या." या 'काहीतरी'वर आपल्या देशातलं निम्मं आरोग्य उभं आहे. समोरचा दादाही "काहीतरी म्हणजे काय?" असं विचारत नाही. मागच्या खणातून एक पट्टी काढतो, कात्रीनं चार गोळ्या कापतो आणि म्हणतो, "सकाळ-संध्याकाळ. खाऊन घ्या." स्कूटर निघून जाते. साऱ्या तपासणीला सिग्नल सुटायला लागतो त्याहून कमी वेळ लागलेला असतो.

औषधाचं नाव सांगून औषध मागणारं गिऱ्हाईक विरळाच. बाकीच्यांची मागणी वर्णनात्मक असते. 'ती गुलाबी, चपटी', 'मागच्या खेपेला दिलेली', 'शेजारच्या वहिनींना गुण आला ती', 'पोट साफ होण्याची, पण फार नाही'. एखादा हुशार माणूस पुरावा म्हणून रिकामी पट्टी घेऊन येतो. पण ती आधीच कापून विकलेली असल्यामुळे तिच्यावर औषधाच्या नावातलं शेवटचं अक्षर आणि किमतीतला अर्धा आकडा एवढंच उरलेलं असतं. कुठल्या महिन्यापर्यंत घ्यायची, ते तर आदल्या गिऱ्हाइकाबरोबर केव्हाच गेलेलं असतं. काउंटरवरचा पोरगा तो तुकडा उजेडात धरून डोळे बारीक करतो आणि बिनचूक गोळी काढून देतो. ताम्रपट वाचणाऱ्यांनी त्याच्यापुढे हात टेकावेत.

या ओपीडीला पडदा मात्र नाही. आपण हळू आवाजात "जुलाब होतायत" म्हणावं, तर शेजारी डायपर घ्यायला आलेला गृहस्थ वळून विचारतो, "साबुदाणा खाल्ला होता का?" मागच्या काकू जिरं घातलेलं ताक सुचवतात. तिसरा कुणी "आमच्या मेव्हण्याचं असंच सुरू झालं होतं, शेवटी ॲडमिट करावा लागला," अशी भर घालतो. गोळी घेईपर्यंत आपल्या आतड्यांवर एक छोटी सभा होऊन गेलेली असते. काही आजार असतात, की ते या सभेत मांडताच येत नाहीत. असा आजार असलेली माणसं दुकानात शिरून आधी खोकल्याच्या गोळ्या घेतात, मग टूथब्रश निरखतात, वजनकाट्यावर उगाच उभी राहतात आणि गर्दी पांगली की काउंटरवर ओणवून मूळव्याधीचं मलम मागतात. बायकांसाठी तर वेगळीच व्यवस्था आहे. सॅनिटरी पॅडचं पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि मग काळ्या पिशवीत घालायचं. त्या काळ्या पिशवीमुळेच आत काय आहे, ते गल्लीच्या टोकापर्यंत कळतं.

पूर्वी हे किरकोळ आजारांचं खातं घरातल्या आजीकडे असायचं. सहाण, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा एवढ्या भांडवलावर ती घर सांभाळायची. मला तिच्या मुळ्यांपेक्षा तिची चौकशी अधिक आठवते. "काल काय खाल्लंस? परसाकडे झालं का? जीभ दाखव." आणि बहुतेक वेळा या चौकशीचा निकाल 'काही द्यायचं नाही' असा लागे. रात्री जेवू नकोस, गरम पाणी पी, झोप. औषध न देण्याचा अधिकार तिनं कुणाकडून मागून घेतला नव्हता, पण ती तो दणक्यात वापरायची. तिचं खातं कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे आलं ते डब्या-बाटल्यांसह आलं. चौकशीचं दप्तर मात्र वाटेत कुठेतरी गहाळ झालं.

कायद्याला हे सगळं कसं दिसतं, ते एकदा बघण्यासारखं आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे आणि फार्मसीचा कायदा १९४८ चा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, असं हा शेवटचा कायदा सांगतो. शेड्यूल एचमधली औषधं चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तसं त्यांच्या वेष्टनावर छापलेलंही असतं, फक्त ते वाचायला घरातल्या सर्वांत तरुण डोळ्यांना बोलवावं लागतं. २०१४ पासून त्यातली काही अँटिबायोटिक्स, क्षयाची आणि गुंगीची औषधं 'एच-वन' या आणखी कडक यादीत गेली. ती कुणाला दिली, कुणाच्या चिठ्ठीवर दिली, याची वही ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची. २०१५ च्या नियमांनी तर फार्मासिस्टनं पांढरा कोट घालावा, त्यावर नावाचा बिल्ला लावावा, रोग्याला औषध समजावून सांगावं, इथपर्यंत सगळं लिहून ठेवलं आहे.

आपल्या मेडिकलच्या भिंतीवर गणपती असतो, लक्ष्मी असते आणि शेजारी काचेच्या चौकटीत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र असतं. या तिघांपैकी प्रत्यक्ष दर्शन कुणाचं अधिक दुर्मीळ, असा प्रश्न काही दुकानांत खरोखरच पडतो.

पण गंमत पुढेच आहे. चिठ्ठीशिवाय कोणती औषधं विकायची नाहीत, हे कायदा सविस्तर सांगतो. चिठ्ठीशिवाय खुशाल घ्या, अशी औषधं कोणती, याची सरळ यादी मात्र त्यात नाही. जे बंदीत नाही ते चालतं, एवढंच. शेड्यूल के नावाची एक सवलतींची यादी आहे. तिच्यात हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या खेड्यात परवाना नसलेल्या दुकानातही काही घरगुती औषधं ठेवायला मुभा आहे. पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, एरंडेल, एप्सम सॉल्ट, निलगिरीचं तेल, टिंक्चर आयोडीन. ही यादी वाचली की खेड्यातलं किराणा दुकान डोळ्यांसमोर येतं. एका बरणीत लिमलेटच्या गोळ्या, दुसरीत डोकेदुखीच्या, आणि दोन्हींत हात घालणारा दुकानदार एकच. २०२२ साली केंद्र सरकारनं सोळा औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मोकळी करावीत, असा मसुदा काढला होता. बुरशीवरचं मलम, चोंदलेल्या नाकाचे थेंब, कॅलामाइन लोशन, बद्धकोष्ठावरची औषधं. पाच दिवसांहून अधिक पुरेल इतकं द्यायचं नाही आणि बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जायचं, अशा अटी होत्या. मसुदा वाचून एखाद्या मेडिकलवाल्याला प्रश्न पडला असेल, की मग आपण इतकी वर्षं काय करत होतो?

तिकडे इंग्लंडात हीच गोष्ट वाजतगाजत सुरू झाली. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथल्या फार्मासिस्टना सात किरकोळ आजारांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय उपचार करायची मुभा मिळाली. घसादुखी, सायनस, लहान मुलांचा कान दुखणं, किडा चावून चिघळणं, नागीण, त्वचेचा एक संसर्ग आणि बायकांना होणारी लघवीची साधी जळजळ. चिठ्ठी लागणारी औषधंही, गरज पडल्यास अँटिबायोटिकसुद्धा, फार्मासिस्टच ठरलेल्या नियमांनुसार देतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं २०२३ च्या १ जानेवारीपासून तेरा आजार फार्मासिस्टकडे सोपवले आणि त्याच वर्षी ते एकोणीस केले. वाढवलेल्या आजारांत तोंड येणं आहे आणि जंतही आहेत. टोरंटोत राहणाऱ्या मराठी माणसाला आता तोंड आलं म्हणून डॉक्टरांच्या तारखेची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडे सांगलीत किंवा सावंतवाडीत ती कुणालाच कधी बघावी लागली नव्हती.

हे ऐकून आपली छाती फुगते. सरकारं जे आज शोधून काढतायत, ते आम्ही कधीपासूनच करतोय! फुगलेली छाती थोडी खाली आणायला एकच तपशील पुरे आहे. तिकडचा फार्मासिस्ट आधी विचारतो. कुणासाठी हवंय? काय होतंय? किती दिवस झाले? आधी काय घेतलं? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? हे पाच प्रश्न तिथे काउंटरवर उभ्या राहणाऱ्या शिकाऊ पोरापोरींकडूनही घोटून घेतात. दुकानात बाजूला छोटी खोली असते, दार लावून बोलता येतं, सगळं नोंदवून घेतात. आणि उत्तरं ठरलेल्या चौकटीत बसली नाहीत, तर औषध न देता डॉक्टरकडे पाठवतात. लघवीच्या जळजळीचंच घ्या. ती सवलत १६ ते ६४ वयाच्या बायकांपुरती आहे. बाई गरोदर असेल किंवा ताप असेल, तर तिला सरळ पुढे धाडायचं. हे 'पुढे धाडणं' आपल्या ओपीडीत राहून गेलं आहे.

ते राहून गेल्यामुळे काय होतं, ते सांगायला पाहिजे, मग निबंध थोडा वेळ गंभीर झाला तरी चालेल. खाजेचं उदाहरण घेऊ. जांघेत नायटा होतो, माणूस 'खाजेचं मलम' मागतो, त्याला स्टेरॉइड घातलेलं मलम मिळतं. दोन दिवसांत खाज थांबते आणि मलमाची कीर्ती घरभर पसरते. खाली बुरशीही तितक्याच आरामात पसरत असते. मग तेच मलम वहिनींच्या हाताला, भावाच्या पाठीला, आणि रंग उजळतो म्हणून धाकटीच्या चेहऱ्याला. नायटा आता पूर्वीसारखा चार आठवड्यांत आटपत नाही, अशी त्वचारोगतज्ज्ञांची तक्रार आहे. २०१८ साली अशी मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली गेली, तरी 'ती छोटी ट्यूब' मागणारे हात काउंटरवर येतातच. अँटिबायोटिकचं तर विचारूच नका. पाच दिवसांचा कोर्स असतो, आपण दोन गोळ्या मागतो, कारण दोन गोळ्यांत बरं वाटतं आणि उरलेल्यांचे पैसे वाचतात. वाचलेले पैसे जंतूंच्या शिक्षणावर खर्च होतात. चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही हे कळावं म्हणून अशा पट्ट्यांवर लाल रेघ असते आणि २०१६ साली सरकारनं तिची जाहिरातही केली होती. ती रेघ म्हणजे नक्षी आहे, अशी समजूत असलेले सुशिक्षित लोक मला भेटले आहेत.

आणि पॅरासिटामॉल. तापाची गोळी म्हणून ते एकदा घेतलं. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत ते असतंच. अंगदुखीच्याही कित्येक गोळ्यांत असतं. तीन दुखणी, तीन रंगांच्या गोळ्या, आणि आत बसलेला इसम एकच. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही त्याची वरची मर्यादा. साडेसहाशेच्या गोळ्या तीन वेगवेगळ्या नावांनी दिवसातून तीनदा पोटात गेल्या, तर ती कधी ओलांडली ते यकृताशिवाय कुणाला कळत नाही.

सर्वांत वाईट मला ओआरएसचं वाटतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या धामधुमीत बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे हजारो रोगी जगवले. इतकी स्वस्त, साधी आणि थोर पुडी औषधशास्त्रानं क्वचितच दिली असेल. तिची मोठी पुडी एक लिटर पाण्यात विरघळवायची असते. ती आपण एका ग्लासात ओततो, औषध दाट असलं की लवकर गुण येतो म्हणून. मीठ जास्त झालं की पोरगं आणखी सुकतं. किंवा त्याहून सोपं, नावात ओआरएस असलेला रंगीत, गोडमिट्ट डबा घेऊन घरी जातो. अशा पेयांच्या नावात ते शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली ती २०२५ च्या ऑक्टोबरात. म्हणजे पुडी निघाल्यावर अर्धं शतक उलटून गेल्यावर. काउंटरवरून "लिटरभर पाण्यात हं, उकळून गार केलेल्या," एवढं एक वाक्य आलं असतं तर बरंच काही वाचलं असतं.

ते वाक्य बोलणारी माणसं आहेत. आमच्या भागात एक बाई आहेत, पांढरा कोट घालतात, चष्मा कपाळावर असतो. त्यांच्या दुकानात शिरलं की गिऱ्हाइकाचीच परीक्षा सुरू होते. "कुणाला हवंय? वय काय? बीपीची गोळी चालू आहे का? मग ही अंगदुखीची नको." लोक वैतागतात. "अहो ताई, गोळी मागितली, पोलीस चौकशी नाही," असं म्हणून समोरच्या दुकानात जाणारे मी पाहिले आहेत. एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ आले, छाती चोळत, पित्ताची गोळी मागत. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. घाम कधीपासून येतोय, हात जड वाटतो का, जिना चढून आलात का, असं विचारलं आणि गोळी दिली नाही. रिक्षा बोलावली, शेजारच्या चहावाल्याच्या पोराला सोबत बसवलं आणि इस्पितळात पाठवलं. गृहस्थ रिक्षात बसेपर्यंत कुरकुरत होते, की एका गोळीसाठी केवढा तमाशा. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, पण ते काहीही झालं असो, बाईंचं बरोबरच होतं.

त्या दिवशी बाईंच्या गल्ल्यात काय पडलं? काही नाही. उलट रिक्षाचे पैसे त्यांनीच दिले. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. गोळी विकली तर दुकानदाराला चार पैसे सुटतात. प्रश्न विचारला, सल्ला दिला, 'हे घेऊ नका' म्हटलं, तर काहीच सुटत नाही, वर गिऱ्हाईक जातं. इंग्लंडातली योजना सुरू झाली तेव्हा नियमात बसणाऱ्या प्रत्येक सल्ल्यामागे १५ पौंड सरकारनं फार्मसीला द्यायचे ठरवले, शेवटी औषध दिलं गेलं नाही तरी. तिथे नकाराला भाव आहे. आपल्याकडे तो पदरमोड करून द्यावा लागतो. अशा धंद्यात टिकून राहून जो नाही म्हणतो, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो, आणि जो म्हणत नाही त्याच्यावर फार डाफरायला जीभ रेटत नाही.

कारण मेडिकल बंद पडलेलं कुणालाच परवडणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र तीन गावं पलीकडे, डॉक्टर रविवारी तालुक्याला, रात्री दहा वाजता पोर तापानं फणफणलेलं. अशा वेळी अर्धं शटर खाली ओढलेल्या दुकानातला तो पिवळा दिवा हाच आरोग्यखात्याचा एकमेव उघडा दरवाजा असतो. शिकल्यासवरल्यांनी 'स्वतःच्या मनानं औषधं घेऊ नयेत' असे फलक लावावेत. ते फलक लावणाऱ्यांच्या कपाटात उरलेल्या गोळ्यांचा डबा असतो, हे मला माहीत आहे. लोक मेडिकलमध्ये जाणारच. ते कुणाशी बोलतात आणि तो माणूस त्यांना काय विचारतो, एवढाच प्रश्न उरतो.

तेव्हा पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात, की स्कूटर आधी बंद करा. "फार्मासिस्ट कोण आहेत?" असं विचारा, भिंतीवरच्या चौकटीतला चेहरा काउंटरमागे दिसतोय का, ते बघा. चालू असलेल्या गोळ्यांची नावं मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि न विचारता दाखवा. समोरच्यानं चार प्रश्न विचारले तर घाई आहे म्हणू नका, घाई असती तर नखुरडं घेऊन बाहेर पडला नसतात. आणि त्यानं "याला काही लागत नाही, गरम पाण्यात मीठ घालून बोट शेका" असं सांगून रिकाम्या हातानं परत पाठवलं, तर तसेच परत फिरू नका. पाटीवर 'मेडिकल अँड जनरल' लिहिलेलं असतं. जनरलमधला एखादा बिस्किटाचा पुडा तरी त्याच्याकडून घ्या.